‘डब्ल्यू-आय-एन-एन-ओ-डब्ल्यू’ या इंग्रजी क्रियापदाचा उच्चार कसा करायचा आणि त्याला आपल्याकडे काय म्हणतात?

उच्चार ‘विनो’, जोर ‘वि’वर, अर्थ धान्य उपणणे. शेवटचं ‘ओ-डब्ल्यू’ पाहून बरेच जण ‘विनाऊ’ म्हणतात, ते चूक आहे. ‘विंडो’मधला ‘ड’ काढला की नेमका उच्चार मिळतो. भूतकाळ ‘विनोड’, चालू काळ ‘विनोइंग’.

शब्दाच्या मुळाशी ‘विंड’ म्हणजे वाराच आहे (‘विंडो’ही त्याच वाऱ्यातून आला, मूळ अर्थ ‘वाऱ्याचा डोळा’). म्हणून खळ्यावर वाऱ्याच्या तोंडाशी उभं राहून हरभरा वरून सोडायचा, दाणा पायाशी पडतो आणि कुटार उडून पलीकडे जातं, हे चित्र एकदा मनात बसलं की अर्थ विसरत नाही. घरी सुपानं तांदूळ पाखडणं हेही ‘विनो’च.

यावरूनच दुसरा अर्थ आला: पुष्कळातून नको ते काढत नेमकं तेवढं ठेवणं. दोनशे अर्जांतून दहा उमेदवार निवडले, तर तिथे ‘विनो डाउन’ म्हणतात. वर्तमानपत्रांत आणि स्पर्धा परीक्षांच्या उताऱ्यांत बहुतेक हाच अर्थ भेटतो, त्यामुळे मागचंपुढचं वाक्य वाचूनच अर्थ लावा.

एक मात्र ध्यानात ठेवा: मळणीला हा शब्द चालत नाही, तिला ‘थ्रेश’ म्हणतात. आपल्याकडचं थ्रेशर मळणी आणि उपणणी एकाच वेळी करतं, म्हणून हा घोटाळा होतो. चाळणीनं चाळणं म्हणजे ‘सिव्ह’, तेही वेगळं.