अकरा स्क्रीनशॉट आणि एक बँक स्टेटमेंट

प्रश्न: मी ३४ वर्षांचा, सांगलीत नोकरीला. २०२३-२४ आणि २०२४-२५ अशी दोन वर्षं फँटसी क्रिकेट खेळून बऱ्यापैकी कमावलं. ऑगस्ट २०२५च्या कायद्याने पैसे लावून खेळणं बंद झालं. अंदाज बांधायची हातोटी आहे, तर २ लाखांची एफडी मोडून शेअर बाजारातल्या ऑप्शन्समध्ये (भाव वर जाईल की खाली, या अंदाजावरचे सौदे) उतरू का?

उत्तर: एफडी मोडू नका.

तुम्ही ११ स्क्रीनशॉट पाठवलेत, सगळे जिंकल्याचे. यात लबाडी नाही; हरल्यावर कोण स्क्रीनशॉट काढत बसतं? म्हणून तर मी बँकेचं स्टेटमेंट मागवलं. ॲपवर गेले १,३७,४०० रुपये, परत आले ८९,२५०. म्हणजे ४८,१५० रुपयांचा खड्डा. शिवाय एप्रिल २०२३पासून निव्वळ जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के टीडीएस कापला जायचा. तुमच्या एआयएसमध्ये, म्हणजे आयकर खात्याकडच्या तुमच्या वार्षिक माहितीपत्रकात, तशी एकही नोंद नाही.

तुम्हीच लिहिलंय, 'कॅप्टन मनात आधीच पक्का असतो, मग व्हिडिओ बघून खात्री करतो.' गोम इथेच आहे. फँटसीत तुम्ही निवडलेल्या संघाच्या कॅप्टनचे गुण दुप्पट धरतात, म्हणजे तो आज का चालणार नाही, हे आधी शोधायला हवं. तुम्ही शोधलेत त्याचे वानखेडेवरचे जुने डाव. चालला तर 'माझा अभ्यास', नाही तर 'टॉसने घात केला'. कन्फर्मेशन बायस म्हणतात तो हाच: आपल्या मताला दुजोरा देणारं तेवढंच शोधायचं. (मीही एका शेअरच्या प्रेमात पडून तीन वर्षं त्याच्या फक्त चांगल्या बातम्या कापून ठेवल्या होत्या. फाइल अजून कपाटात आहे.)

ऑप्शन्समध्ये ही सवय जास्त महाग पडते. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीने २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांचा हिशेब मांडला, त्यात फ्युचर्स-ऑप्शन्स करणारे ९३ टक्के वैयक्तिक गुंतवणूकदार तोट्यात निघाले. खर्च धरून सरासरी तोटा माणशी सुमारे २ लाख. तुमच्या एफडीएवढाच.

खाज भागवायचीच असेल तर एक दोनशे पानी वही घ्या. रोज बाजार उघडायच्या, म्हणजे सव्वानऊच्या आत तीन रकाने लिहा: काय घेतलं असतं, का, आणि काय घडलं तर आपण चुकलो असं मानू. तिसरा रकाना रिकामा राहिला तर तो सौदा बाद. साडेतीनला बाजार बंद झाला की निकाल लिहा, ब्रोकरेज आणि कर वजा करून. महिन्याची बेरीज मात्र बायकोला करू द्या.

एफडी मार्चमध्ये पिकते ना? तेव्हा वही घेऊन या.