निपाणीहून जर्मनीला गणिताच्या पीएचडीसाठी: टिकायची तयारी इथूनच

"ताई, राणी चन्नम्मा विद्यापीठातून एम.एस्सी. गणित झालंय, दोन जर्मन विद्यापीठांनी नकार दिला, घरी स्थळं बघतायत. माझ्यात तिथे टिकायची ताकद आहे का?" असं तू विचारलंस.

आधी नकाराचं बोलूया. जर्मनीत मास्टर्सची शेवटची सहामाही प्रबंधासाठी राखलेली असते. आपल्याकडची एम.एस्सी. बहुतेक पेपर आणि परीक्षांवरच संपते. त्यामुळे तयार उत्तर नसलेल्या प्रश्नापुढे तू काय करतेस हे तिथल्या प्राध्यापकाला तुझ्या मार्क्स कार्डावरून कळतच नाही. यावर उपाय आहे. एक विषय धर आणि त्यावर २५-३० पानांचं टिपण लॅटेकमध्ये (गणिती मजकूर टाइप करायची संगणक प्रणाली) लिही. प्रत्येक सिद्धता स्वतःच्या शब्दांत मांड, निदान दोन उदाहरणं स्वतःची घाल. शक्य असेल तर भारतीय विज्ञान अकादमींच्या दोन महिन्यांच्या उन्हाळी फेलोशिपला अर्ज कर. एम.टी.टी.एस. या गणित प्रशिक्षण कार्यक्रमाच्या शिबिरांचीही चौकशी कर. १९९३ पासून ती चालू आहेत आणि फळ्यासमोर उभं राहून चुकायची सवय तिथे लागते.

शिफारसपत्रात आपल्या मुली फार मार खातात. "हुशार, मेहनती, नम्र आणि आज्ञाधारक" एवढंच लिहिलेलं पत्र वाचून कुणी जागा देत नाही. सरांना पत्र मागशील तेव्हा सोबत अर्ध्या पानाची आठवण दे. उदाहरणार्थ, टोपॉलॉजीत कॉम्पॅक्ट उपसंच क्लोज्ड असतो हे सिद्ध करताना हाउसडॉर्फ ही अट नेमकी कुठल्या ओळीत लागते, आणि ती काढली तर काय बिघडतं, हे तू सेमिनारमध्ये दाखवलं होतंस. असा एक प्रसंग पत्रात आला की तू कशी विचार करतेस ते दिसतं. प्राध्यापकाला पाठवायचा मेल दहा-बारा ओळींचाच ठेव. त्यांचा एक शोधनिबंध वाचून त्यातला एकच नेमका प्रश्न विचार. पन्नास जणांना एकच मेल पाठवलास तर तो न वाचताच जातो.

नावाचं आजच बघ. एसएसएलसी, पीयूसीच्या (दहावी, बारावीच्या) कार्डावर इनिशियल, पदवीवर आडनाव आधी आणि पासपोर्टवर तिसरंच, हा आपल्या भागातला नेहमीचा घोळ. सगळीकडे पासपोर्टप्रमाणे नाव करून घे. जुन्या कागदांवर "बेल्गाम" आणि १ नोव्हेंबर २०१४ नंतरच्या कागदांवर "बेळगावी" असेल, तर अर्जासोबत एका ओळीचा खुलासा जोड. लग्न झालं तरी पासपोर्टवरचं नाव बदलायची सक्ती नाही. शोधनिबंध कायम एकाच नावाने छाप.

जागा मिळाली की चार गोष्टी विचार: नोकरीचा करार किती वर्षांचा, पगार किती टक्के, शिकवायचं किती, आणि पैसा विद्यापीठाचा की प्रकल्पाचा. पीएचडीच्या जागा अनेकदा अर्ध्या किंवा पाऊण पगाराच्या असतात. चौथा प्रश्न बायकांसाठी फार महत्त्वाचा. बाळंतपणाची रजा तिथे कायद्यानेच मिळते, प्रसूतीआधी ६ आठवडे आणि नंतर ८. विद्यापीठाच्या पैशावरचा करार तेवढ्या काळाने वाढू शकतो. प्रकल्पाच्या पैशावरचा करार आपोआप वाढत नाही. सही करायच्या आधी हे लेखी विचारून घे. पुरेशा पगाराचा करार हाती असेल, तर वर्षाचे ११,९०४ युरो ब्लॉक्ड अकाउंटमध्ये (व्हिसासाठी राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच अडकवून ठेवायचं खातं) दाखवायची वेळ येत नाही. बाबांना जमीन विकायला लावू नकोस.

आता ताकदीचं. पहिल्या वर्षी जवळजवळ सगळेच अडकतात, मुलगेसुद्धा. फरक इतकाच की आपल्या मुली पूर्ण झाल्याशिवाय काही दाखवत नाहीत. मग मार्गदर्शकाला वाटतं काम बंद आहे, आणि तिला वाटतं आपली लायकीच नाही. म्हणून दर शुक्रवारी एक पान लिही, तारीख घालून: काय करून पाहिलं, कुठल्या ओळीवर मोडलं, आणि जिथे मोडतं ते सगळ्यात छोटं उदाहरण कोणतं. ते पान घेऊन भेटायला जा. "जमलं नाही" एवढंच सांगून कुणाला मदत करता येत नाही. "n = 3 ला जमतं, 4 ला मोडतं" असं सांगितलंस की समोरचा लगेच खडू उचलतो. शोधनिबंध छापायला पाठवल्यावर परीक्षकाचं उत्तर यायला महिनोन्‌महिने लागतात, कधी वर्षही. त्या शांततेला नकार समजू नकोस. गणितात लेखकांची नावं आडनावाच्या वर्णक्रमाने छापतात, तेव्हा "पहिलं नाव तुझं का नाही?" असं इथे कुणी विचारलं तर मनाला लावून घेऊ नकोस.

भाषेला घाबरू नकोस. बेळगावच्या रविवार पेठेत एका दुकानात मराठी, दुसऱ्यात कन्नड बोलणारी मुलगी जर्मनही शिकते. संशोधन इंग्रजीत चालेल, पण घरमालक आणि दवाखान्यासाठी जर्मन ए-२ पर्यंत (रोजच्या बोलण्यापुरती प्राथमिक पातळी) इथूनच करून जा.

घरी गणितज्ञ मंगला नारळीकरांचं उदाहरण देतील. त्यांनी लग्नानंतर १६ वर्षांनी, १९८१ साली, पीएचडी मिळवली. मोठीच गोष्ट आहे ती. पण १६ वर्षं हा आकडाही आईबाबांसमोर ठेव आणि विचार, आत्ता तीन-चार वर्षं दिली तर चालेल का? बोलताना कराराचा कागद त्यांच्या हातात असू दे, तोंडी सांगण्यापेक्षा त्याचा उपयोग जास्त होतो.

त्या टिपणाची पहिली दहा पानं झाली की सरांकडे पत्र मागायला जा, त्याआधी नको.