बिलावरचं 'ई. अँड ओ. ई.', मेसर्स आणि रकमेपुढची तिरकी रेघ

प्रश्न कोल्हापुरातल्या एका छापखान्यातून आला आहे. गुळाच्या अडत दुकानाचं इंग्रजी-मराठी बिलबुक छापायचंय. तळाशी 'ई. अँड ओ. ई.' ठेवायचं का, त्याचा अर्थ काय? प्रायव्हेट लिमिटेडच्या नावाआधी 'मेसर्स' चालतं का? आणि '५००.००/-' असं लिहिणं बरोबर का?

शेवटचं आधी घेऊ, कारण गफलत तिथंच जास्त दिसते. '/-' ही खूण ब्रिटिशांच्या शिलिंग-पेन्सच्या हिशेबातली. एका पौंडाचे २० शिलिंग, एका शिलिंगाचे १२ पेन्स. ५ शिलिंग ६ पेन्स '५/६' असे लिहीत. पेन्स नसतील तर त्या जागी आडवी रेघ, म्हणजे '५/-'. ब्रिटननं १५ फेब्रुवारी १९७१ला दशमान पद्धत घेतली आणि तिथला हा हिशेबच संपला. आपल्याकडं १ एप्रिल १९५७पासून रुपयाचे १०० पैसे झाले, तरी रेघ टिकली, कारण तिला दुसरं काम मिळालं होतं: रकमेपुढं कुणी जादा आकडा घुसडू नये. तेव्हा '५००/-' लिहा किंवा '५००.००' लिहा. '५००.००/-' म्हणजे वरचे पैसे नाहीत हे दोनदा सांगणं. '४७५.५०/-' तर उघडच चूक: पन्नास पैसे मांडायचे आणि लगेच पैसे नाहीत म्हणायचं. अक्षरी रकमेत हेच काम 'फक्त' करतं, तिथं रेघ नको. '₹' छापलं तर 'रु.' गाळा. मात्र हे चिन्ह २०१०चं आहे. त्याआधीच्या फाँटमध्ये ते नसतं आणि कागदावर नुसता चौकोन उमटतो. प्रूफ बघताना तेवढं तपासा.

'ई. अँड ओ. ई.' म्हणजे 'एरर्स अँड ओमिशन्स एक्सेप्टेड'. शेवटचा शब्द 'वगळून' या अर्थाचा आहे, 'मान्य' या अर्थाचा 'अ‍ॅक्सेप्टेड' नव्हे. काहीजण तर 'एक्स्पेक्टेड' वाचतात. मग दुकानदार चुका होणारच म्हणून आधीच कळवतोय असा अर्थ निघतो! खरा अर्थ एवढाच: चुकून काही कमीजास्त लागलं असेल किंवा राहून गेलं असेल, तर ते आम्ही कबूल केलं असं धरू नये, दुरुस्तीचा हक्क राखून ठेवला आहे.

मराठी बाजूला याचा शब्दशः तर्जुमा करायची गरजच नाही. 'चू. भू. द्या. घ्या.' आपल्या वह्यांमध्ये आहेच, आणि माझ्या मते ते इंग्रजीपेक्षा सरस आहे. इंग्रजी ओळ बिल देणाऱ्याची बाजू सांभाळते. 'चूक भूल द्यावी घ्यावी'त दोन्हीकडचा हिशेब येतो. फक्त ही ओळ छापली की बिलावर खाडाखोड करायला मोकळे, असा समज नको. जीएसटीच्या बिलात रक्कम जास्त लागली तर क्रेडिट नोट, कमी लागली तर डेबिट नोट काढायची. २०१७च्या कायद्याच्या ३४व्या कलमात ते आहे.

'मेसर्स' हे फ्रेंच 'मस्यू'चं अनेकवचन, म्हणजे 'श्री. आणि श्री.'. त्यामुळं मूळ इंग्रजी रिवाजात ते माणसांच्या नावानं चालणाऱ्या भागीदारी पेढीला लागतं: मेसर्स पाटील अँड शिंदे. लिमिटेड कंपनी कायद्यानं स्वतंत्र व्यक्ती, तिथं ते शोभत नाही. महालक्ष्मी ट्रेडर्ससारख्या नावालाही खरं तर नकोच. आपल्याकडं सरसकट लावतात आणि कुणी अडवत नाही, पण विचारलंच आहे तर बिलबुकात 'मे.' आधीच छापून ठेवू नका. 'नाव' छापा आणि जागा मोकळी सोडा.

'नंबर'च्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये 'ओ' नाही, तरी संक्षेपात 'एन'पुढं 'ओ' येतो, कारण तो लॅटिन 'न्यूमेरो'तला पहिला-शेवटचा अक्षरजोड आहे. मराठीत 'क्र.' पुरे.

विचारलं नव्हतं, पण गुळाच्या बिलात '@' हमखास चुकतं. त्याच्यापुढं दर येतो, एकूण रक्कम नव्हे, आणि दर कशाचा तेही लिहावं लागतं. १० किलोचे २० रवे (गुळाच्या ढेपा) म्हणजे २ क्विंटल. 'गूळ २ क्विंटल @ ₹४,००० प्रति क्विंटल', रकमेच्या रकान्यात ८,०००. 'प्रति क्विंटल' गाळून नुसतं '२० रवे @ ४,०००' लिहिलं, तर वाचणारा ८०,००० धरेल. दराच्या रकान्याच्या डोक्यावरच 'प्रति क्विंटल' छापून टाका.