फोन दुरुस्तीच्या बिलावर हरकत घेताना

आधी पैसे भरू नका, आणि ‘दुरुस्ती करा’ असा होकारही देऊ नका. होकार दिल्यावर बिल कमी करून घेणं फार अवघड जातं. सुटा भाग, मजुरी, कर आणि तपासणी शुल्क वेगवेगळं दाखवणारं लेखी एस्टिमेट सर्व्हिस सेंटरकडे मागा.

वॉरंटी नाकारण्याचं नेहमीचं कारण म्हणजे ‘पाणी गेलंय’. बऱ्याच फोनमध्ये सिम ट्रेच्या खाचेत छोटी पांढरी पट्टी असते. ओल लागली की ती लाल होते. फोन जमा करण्यापूर्वी टॉर्च लावून तिचा फोटो काढा. स्क्रीन, कडा आणि आयएमईआयचेही (फोनचा ओळख क्रमांक) काढा. पट्टी लाल आहे म्हणजे बिघाड पाण्यानेच झाला असं नाही. फोनच्या आतल्या सर्किट बोर्डवर गंज कुठे आहे, त्याचे फोटो मागा.

सर्व्हिस सेंटरला कॉल करून वाद घालण्यात अर्थ नाही, समोरच्याला बहुधा बिल बदलायचा अधिकारच नसतो. तक्रार क्रमांक घ्या आणि ईमेल करा: जॉबशीट (फोन जमा करताना मिळणारा कागद) क्रमांक, खरेदीची तारीख, कोणती रक्कम अमान्य आणि का. प्रकरण वरिष्ठांकडे पाठवा असं स्पष्ट लिहा. रागाचे परिच्छेद नकोत, ते कोणी वाचत नाही. दुरुस्ती नाकारली तरी तपासणी शुल्क लागू शकतं, तेवढं जॉबशीटवर सही करण्याआधीच वाचा.