मोबाईल विचारतोय म्हणून दुखतंय

निपाणीच्या एक मावशी माझ्याकडं पहिल्यांदा आल्या त्या मोबाईल पुढं करूनच. "ताई, हे काढून टाका बघू. आधी दुखलं की दुखायचं. आता ह्यो विचारतोय म्हणून दुखतंय."

पन्नाशी ओलांडलेली बाई. अर्धं आयुष्य बिड्या वळण्यात गेलेलं, आणि चार वर्षांपासून आमवात, म्हणजे रुमेटॉइड आर्थ्रायटिस. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.) पुण्याच्या मुलानं ॲप घालून दिलं होतं. दिवसातून सहा वेळा टुंग वाजायचं: दुखणं 0 ते 10 पैकी किती? खाली हसऱ्या-रडक्या तोंडांची रांग.

"रोज लिहून दुखणं वाढत नाही ना?" हा प्रश्न मला बेळगाव, खानापूर, चिकोडीकडचे पेशंट सारखे विचारतात. लिहिल्यानं सांध्याची सूज वाढत नाही. पण दर दोन तासांनी लक्ष तिकडंच ओढलं गेलं, तर आहे तेच दुखणं जास्त जाणवतं. मावशींचं काही चुकत नव्हतं.

मी नोंदी बघायला मागितल्या. त्यांनी बोट दुमडून पेराच्या हाडानं स्क्रीन सरकवली. सुजलेलं बोट सरळ होतच नव्हतं. आणि नोंदीत तीन आठवडे रोज 3. एकही दिवस वर नाही, खाली नाही.

"सगळीकडं तीनच कसं हो?"

बराच वेळ गप्प. मग, "सात लिवलं की पोराचा फोन येतोय. ड्युटी टाकून येतो म्हणतोय."

ॲपचा आलेख मुलाच्या फोनवरही दिसत होता. हाच आलेख डॉक्टरांनी बघितला असता तर औषध छान लागू पडतंय असंच त्यांना वाटलं असतं. नोंद कोण वाचणार, हे ॲप घालून देताना मावशींना कुणी विचारलंच नव्हतं.

मुलाला फोन लावला. तो बिचारा काळजीपोटीच करत होता. आलेख त्याच्याकडं जाणं बंद केलं. घंट्याही बंद केल्या, एक सोडून: मेथोट्रेक्सेटची, म्हणजे आमवातावरच्या गोळीची. ही गोळी आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारीच घ्यायची. चुकून रोज घेतली तर जिवावर बेतू शकतं. मोबाईलचा एवढा उपयोग झाला तरी मला पुरे.

आकडे आणि तोंडंही सोडली. रोज एकदा, बोलून टाईप करून, दोनच गोष्टी: सकाळी मूठ वळायला किती वेळ लागला आणि कुठलं काम राहिलं. मिनिटं त्यांना सांगता येईनात. "चहा होतोय, सून नातीची वेणी घालतीया, पोरगी शाळेला जातीया, मग पीठ मळाय येतंय." घड्याळ लावलं तर सव्वा तास. सांध्याच्या झिजेत हा आखडलेपणा बहुतेक अर्ध्या तासात सुटतो. तासाच्या वर रेंगाळला तर आत सूज धुमसतेय अशी डॉक्टरांना शंका येते. पायांचंही सांगायला लावलं, कारण डॉक्टर सूज-दुखणं बघायला सहसा जे 28 सांधे मोजतात त्यात पावलं येत नाहीत, आणि मावशी तर चप्पल हातात घेऊन आल्या होत्या.

पुढच्या तपासणीत डॉक्टरांनी ती दोन ओळींची नोंद वाचली, रक्त तपासलं आणि औषध बदललं.

तीन महिन्यांनी मावशी परत आल्या. त्या दिवशीची नोंद होती: "चहा गाळूस्तोवर मूठ वळली. लोणच्याच्या बरणीचं झाकण राहिलं."

"मुलाला आता काय सांगता?"

"रविवारी लावतोय की फोन. नातीचं सांगते, बिडीच्या मजुरीचं सांगते. झाकणाचं न्हाई सांगत."