मोटर जाऊ लावते, नाव सैतानाचं

पत्र आलंय कोल्हापूरच्या शाहूपुरीतून. थोडक्यात देते.

"आक्का, जय ख्रिस्त. मी पहाटे 5 ला उठून प्रार्थना करते, वचन वाचते, तेवढा तास प्रभू शेजारीच बसलाय असं वाटतं. मग सव्वासहाला पाणी येतं. जाऊ आधीच मोटर लावून बसलेली असते आणि माझं तोंड सुटतं. रात्री 11 पर्यंत तेच डोक्यात, उद्या काय बोलायचं ते पण ठरवून ठेवते. 2019 च्या पुरात टँकरच्या रांगेत हीच जाऊ माझी कळशी धरायची. प्रार्थनेच्या गटातल्या एक बाई म्हणतात, तुमच्या घरात सैतानाला दार उघडं आहे, उपास कर, थायरॉईडची गोळी बंद कर, विश्वास कमी म्हणून गोळ्या लागतात. पंधरा दिवस झाले गोळी बंद आहे. मी ढोंगी आहे का?"

जय ख्रिस्त गं. आधी डॉक्टरांना फोन लाव, पंधरा दिवस खंड पडलाय म्हणून सांग आणि गोळी चालू कर, बाकीचं नंतर वाचलंस तरी चालेल. ती गोळी तशीही उपाशीपोटीच घ्यायची असते, म्हणजे त्या बाईंच्या नियमात सुद्धा बसते. थायरॉईड कमी पडला की थकवा येतो, उदास वाटतं, बारीकसारीक गोष्टीवरून चिडचिड होते, त्यात तू उपास करतेस, मग अजून अशक्तपणा, अजून चिडचिड, आणि त्या बाई म्हणणार बघ सैतान किती जोरात आलाय. त्यांना बायबलमधला एलीया संदेष्टा माहीत असेलच की. कर्मेल डोंगरावर एवढा मोठा विजय मिळवला आणि पुढच्याच अध्यायात हा माणूस रानात झाडाखाली पडून म्हणतोय, पुरे झालं, मला मरू दे. देवानं त्याला विश्वास कमी पडला म्हणून झापलं का? दूत पाठवला, निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी ठेवलं, ऊठ, खा म्हणाला. तो जेवला, परत झोपला, परत उठवून खायला घातलं. होरेब डोंगरावर देव त्याच्याशी बोलला ते त्याच्यानंतर, चाळीस दिवस चालून गेल्यावर.

आता लढाईचं. ती नाहीच असं मी म्हणणार नाही. पण बायबलमधल्या इफिसकरांस पत्राचा 6 वा अध्याय, तोच ढाल-तरवारीचा, तुमच्या गटात पाठच असेल, त्यात पत्र लिहिणारा पौल शस्त्रांची नावं घ्यायच्या आधी सांगतो की आपलं झगडणं माणसांबरोबर नाही. म्हणजे जाऊ यादीतून बाद. कळशी धरणारी बाई ती, तू स्वतःच लिहिलंयस. आणि त्याच पत्रात दोन अध्याय आधी आहे, सूर्य मावळायच्या आत राग सोडा, सैतानाला वाव देऊ नका. दार शोधायचंच असेल तर ते इथं आहे बघ. सव्वासहाला तोंड सुटलं, पाच मिनिटात भांडण संपलं, पण तू ते 11 पर्यंत घरात ठेवून घेतेस, वर उद्याची तालीम पण करतेस. (ती तालीम सगळ्याच करतात, वाचून हसू आलं मला.)

ढोंगी वगैरे काही नाहीस तू. फक्त देवाला तू 5 ते 6 एवढीच वेळ दिलीयस आणि सहानंतर एकटीच लढायला निघतेस. सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात ब्रदर लॉरेन्स म्हणून होते, आधी सैनिक, लढाईत जखमी झालेले, आणि मठात वाट्याला आलं स्वयंपाकघर, ज्याचा त्यांना मनापासून कंटाळा. तिथं भांड्यांचा खडखडाट, एकाच वेळी चार जण काहीतरी मागतायत, आणि त्या गडबडीत ते देवाशी बोलत राहायचे. त्यांनाही पहिली दहा वर्षं जड गेली बरं का, असं त्यांनीच लिहून ठेवलंय. चुकलं की देवाला म्हणायचे, तू मला माझ्यावर सोडलंस तर मी असंच वागणार, आणि पुढच्या कामाला लागायचे, दिवसभर उगाळत बसायचे नाहीत. तुला हेच जमवायचंय. मोटरचा आवाज आला की बादली उचलता उचलता म्हण, प्रभू, माझं तोंड सांभाळ. एवढंच, डोळे मिटायची पण गरज नाही. एखाद्या दिवशी तरीही भांडशील, तर तिथल्या तिथं कबूल कर आणि डबे भरायला लाग.

आणि पाण्याचं म्हणशील तर ते बोलूनच मिटेल गं, नळावरची भांडणं कोल्हापुरात गल्लोगल्ली होतात, सगळीकडं सैतानच मोटर लावतो असं थोडंच आहे! सव्वासहाला विषय काढू नको, दुपारी चहा टाक, एक दिवस तू आधी एक दिवस मी असं ठरव, नवऱ्याला आणि दिराला मध्ये घालू नको.

राहिल्या त्या बाई. त्यांच्याशी वाद घालत बसू नको, पण चर्चच्या पाळकांना भेटून गोळीचं स्पष्ट सांग. गटात बीपीच्या, शुगरच्या गोळ्या घेणाऱ्या बायका असणारच, आणि त्यांनाही हाच सल्ला मिळत असेल.