ओलान्झापिनवर वाढलेलं वजन: गोळी बंद करण्याआधी

चार महिन्यांत अकरा किलो वाढले, डॉक्टर "कमी खा, फिरत जा" एवढंच म्हणाले, आणि आता मानसिक आजारासाठी रात्री घेता ती ओलान्झापिनची गोळी गुपचूप बंद करावी असं वाटतंय, असं तुम्ही लिहिलंय. ते शेवटचं वाक्य वाचलं आणि हातातलं काम ठेवून लिहायला बसले. तेवढं करू नका. मी केलं होतं.

त्याच गोळीवर सात महिन्यांत मी ६२ वरून ७९ किलोवर गेले. एका लग्नाचे फोटो पाहिले आणि त्या रात्रीपासून गोळी बंद केली, घरात कुणाला कळू दिलं नाही. पहिले दहा दिवस फार हलकं वाटलं. तिसऱ्या आठवड्यात झोप उडाली आणि दुसऱ्या महिन्यात मला दवाखान्यात भरती करावं लागलं. तिथे डोस आधीपेक्षा जास्त लागला, म्हणजे वजनासाठी केलेला खटाटोप वजनावरच उलटला.

आता भुकेबद्दल. पोटभर जेवून उठावं आणि अर्ध्या तासात पुन्हा स्वयंपाकघरात डबे उघडत उभं असावं, हे ज्यानं भोगलं नाही त्याला ते हावरेपणाच वाटणार. ही गोळी मेंदूतल्या हिस्टामिन आणि सेरोटोनिन या रसायनांचे निरोप घेणारी काही ठिकाणं (रिसेप्टर) अडवते. त्यामुळे भूक वाढते आणि "बास, पोट भरलं" हा निरोप नीट पोचत नाही. शिवाय सुस्ती येते, हालचाल कमी होते. मानसिक आजारांच्या औषधांपैकी ओलान्झापिन आणि क्लोझापिन वजन वाढवण्यात सगळ्यांत पुढे. क्वेटियापिन, रिस्पेरिडोन, व्हॅल्प्रोएट, लिथियम, मिर्टाझापिन यांनीही वजन वाढतं, पण प्रत्येकाचं सारखं नाही. हे मला पहिल्याच महिन्यात कुणी सांगितलं असतं तर निदान स्वतःला शिव्या घालण्यात वर्ष गेलं नसतं.

डॉक्टरांकडे पुन्हा जा, पण या वेळी आकडे घेऊन जा. "खूप वाढलंय" म्हटलं की ते मान हलवतात. "गोळी सुरू केली तेव्हा इतकं होतं, पहिल्या महिन्याअखेर इतकं, आज इतकं" असं कागदावर दिसलं की बोलणं बदलतं. पहिल्या महिन्यातच वजन ५ टक्क्यांहून जास्त वाढलं तर पुढेही बरंच वाढण्याची शक्यता असते, हे मानसोपचारतज्ज्ञांना ठाऊक असतं. कमरेचा घेरही मोजा. साखर, कोलेस्टेरॉल, रक्तदाब तपासले का, हे स्पष्ट विचारा. ही औषधं सुरू करताना, मग तीन महिन्यांनी आणि पुढेही ठरावीक काळाने या तपासण्या व्हायला हव्यात, कारण वजन फारसं न वाढताही साखर चढू शकते.

मग सरळ विचारा: औषध बदलता येईल का? अॅरिपिप्राझोल, लुरासिडोन, झिप्रासिडोन यांनी वजन तुलनेने कमी वाढतं. पण बदल डॉक्टरांच्या देखरेखीखाली, हळूहळू. मला आधी अॅरिपिप्राझोल दिलं, तर पाय एका जागी ठरेनात. मग लुरासिडोन. तिथेही शहाणपणा केला: आता बारीक व्हायचंच म्हणून रात्रीचं जेवण सोडून गोळी नुसत्या पाण्याबरोबर घेऊ लागले. लुरासिडोन किमान ३५० कॅलरीच्या जेवणाबरोबर घेतलं नाही तर नीट शोषलंच जात नाही. डॉक्टर चांगलेच रागावले.

काही जणांना ओलान्झापिनशिवाय दुसरं लागूच पडत नाही. त्यांच्यासाठी मेटफॉर्मिन हे मधुमेहाचं औषध जोडतात. त्याने साधारण तीनेक किलोंचा फरक पडतो, सुरुवातीला पोट बिघडतं, आणि आधी मूत्रपिंडाची तपासणी लागते. ओलान्झापिन आणि वजनवाढ आटोक्यात ठेवण्यासाठी घातलेलं सॅमिडॉर्फन एकत्र असलेल्या गोळीला अमेरिकेत २०२१ मध्ये मान्यता मिळाली. तिच्याने वजनवाढ कमी होते, पण अफूजन्य वेदनाशामकं घेणाऱ्यांना ती चालत नाही.

खाण्याचं म्हणाल तर मी एकच गोष्ट मनापासून सांगेन: गोड पेयं बंद. गोळ्यांनी तोंड कोरडं पडतं, तहान लागते, आणि ती आपण साखरेच्या पाण्याने भागवतो. माझा अर्धा घोटाळा तिथेच होता. बाकी, भूक दाबायच्या भानगडीत पडू नका, ती जिंकते. भाज्या, डाळी, अंडी असं पोट धरून ठेवणारं आधी खा, आणि रात्री हाताशी येईल असं चटकमटक घरात ठेवूच नका. गोळी घेतल्यावर भूक उसळत असेल तर वेळ थोडी बदलता येईल का तेही विचारा. चालणं रोज, पण झेपेल तेवढंच. मी दहा मिनिटांपासून सुरुवात केली, तीही बऱ्याचदा चुकायची.

अपेक्षा मात्र बेताची ठेवा. गंभीर मानसिक आजार असलेल्या २९१ लोकांवर झालेला, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला एक अमेरिकी अभ्यास आहे. आहार-व्यायामाचं मार्गदर्शन मिळालेल्यांत आणि न मिळालेल्यांत १८ महिन्यांनी सरासरी ३.२ किलोंचा फरक पडला. आकडा छोटा दिसतो, पण या औषधांवर असताना तो सोपा नाही. मी दोन वर्षांत ७९ वरून ७१ वर आले. ६२ चा नाद सोडला, जुने कपडे देऊन टाकले.

नातेवाईक बोलतात त्यावर माझ्याकडे इलाज नाही. "औषधाने आहे, डॉक्टरांना माहीत आहे" एवढं एक वाक्य पाठ करून ठेवलंय, ते म्हणते आणि विषय बदलते.

आणि हो, तुम्ही बाकीच्या गोळ्या लिहिल्या नाहीत. सोबत लिथियम असेल तर उपास, मीठ बंद, घाम गाळणारा व्यायाम यातलं काहीही डॉक्टरांना न विचारता सुरू करू नका. अंगातलं मीठ-पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम धोकादायक पातळीला जाऊ शकतं. लिथियमने थायरॉईडही मंदावू शकतो आणि वजन त्यामुळेही वाढतं, तेव्हा तीही तपासणी मागून घ्या.